घोरणाऱ्याची सोबत

लंडनजवळच्या मेडनहेडच्या एका माणसाने मला फसवलं. माझ्याकडून विमानातली पाय पसरायची जागा घेतली, त्या बदल्यात शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळून आणायचा शब्द दिला, आणि विमान अर्ध्या वाटेवर यायच्या आत तो शब्द मोडला.

त्याचं नाव मी लिहून पाठवलं होतं. संपादकांनी ते काढलं. "काकू, दिवाळी अंक आहे, फिर्याद नाही," असं मला फोनवर सुनावलं. ठीक आहे. मी इथे त्याला मेडनहेडकर म्हणेन. गावावरून आडनाव पडायची आपल्याकडे पद्धतच आहे. तो हा अंक दर वर्षी घेतो हे मला माहीत आहे.

संपादकांना खरं तर माझ्याकडून गमतीजमती हव्या होत्या. तिकिटांच्या धंद्यातले विनोदी अनुभव. ते आहेत, सांगते. पण त्यांच्यासाठी मी पेन हातात धरलेलं नाही.

माझं दुकान इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत होतं. खाली साड्या, वर मी. मूळची मी कराडची. हे मोटारीच्या कारखान्यात लागले म्हणून इथे आले. एका गुजराती शेठच्या तिकीट ऑफिसात चहा करत करत फोन घ्यायला शिकले, फोन घेत घेत भांडायला शिकले, आणि भांडायला येऊ लागल्यावर स्वतःचं दुकान टाकलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, ट्रॅव्हल एजंट म्हणजे तिकीट विकणारा. तिकीट कोणीही विकेल. दोन हजार सालानंतर तर पोरं घरबसल्या कॉम्प्युटरवर तिकीट काढायला लागली होती. तरी माझं दुकान चालत होतं, कारण मी जे देत होते ते कॉम्प्युटरवर मिळत नव्हतं. मी सोबत देत होते.

सोबत म्हणजे काय, ते नव्या पिढीसाठी सांगते. पुण्या-मुंबई-नागपूरची मुलं व्हिसावर इथे आली, त्यांना बाळं झाली, आणि मग प्रत्येकाला आई किंवा बाबा सहा महिन्यांसाठी हवे झाले. ते आई-बाबा आयुष्यात एकटे कधी विमानात बसलेले नसत. मग मला फोन येई, "काकू, बाबांना कुणाची सोबत मिळेल का हो?" त्याच विमानातला, शेजारच्या खुर्चीतला, मराठी बोलणारा माणूस. तो नातेवाईक नाही आणि नोकरही नाही. त्याने एवढंच करायचं: उतरायचा फॉर्म भरून द्यायचा, संडासाचं दार कसं उघडतं ते दाखवायचं, व्हेज ताट आलं की नाही बघायचं, आणि बाहेर मुलीच्या नाहीतर मुलाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं. माझ्याकडे वही होती. कोण कधी जातंय, कोण कधी येतंय, कोणाला काय हवं. पत्रिका जुळवावी तशा मी खुर्च्या जुळवत होते.

फुकट कोणी सोबत करत नाही, आणि पैसे देऊन सोबत विकत घेणं आपल्याला बरं वाटत नाही. म्हणून मी जागा देत होते. विमानात सगळ्यात पुढे भिंत असते, तिच्यासमोरच्या खुर्च्यांना पाय पसरायला ऐसपैस जागा. त्या खुर्च्यांसाठी मी विमान कंपनीच्या डेस्कवरच्या माणसाशी अर्धा अर्धा तास घासाघीस करी. तो म्हणे, "मॅडम, त्या जागा बाळवाल्यांसाठी आहेत." मी म्हणे, "या विमानात बाळ नाही, मी तुझ्याच सहकाऱ्याला विचारलंय." मग तो हसे आणि देई. उंच माणसं त्या जागेसाठी कोणाचीही सोबत करायला तयार होत.

तक्रारी कशाच्या येत असतील? लोकांना वाटतं जेवणाच्या. जेवणाच्या यायच्याच, पण सगळ्यात जास्त यायच्या त्या झोपेच्या.

सांगलीच्या लीलाताई खिडकीशी होत्या. बाहेरच्या खुर्चीत एक इंग्रज विद्यार्थी पाय ताणून झोपलेला. लीलाताई मुंबई ते लंडन जागच्या उठल्या नाहीत. विमान उतरल्यावर मुलाला न भेटता ज्या धावत सुटल्या त्या थेट बायकांच्या खोलीकडे. मुलाचा मला फोन. "काकू, आईला बाहेरची सीट का नाही दिलीत?" मी म्हटलं, त्यांनाच दे फोन.

"लीलाताई, त्या पोराला उठवायचं नाही का?"

"अगं, कुणाचं तरी लेकरू गाढ झोपलेलं. उठवायचं कसं?"

"मग ओलांडून जायचं."

"झोपलेल्या माणसाला ओलांडू नये. वाढ खुंटते."

"उंची किती होती लेकराची?"

"सहा फूट असेल."

"मग खुंटली तर काय बिघडणार होतं?"

त्या हसल्या, पण पुढच्या वेळी संधी आली असती तरी त्यांनी ओलांडलं नसतं हे मला पक्कं ठाऊक आहे.

साताऱ्याचे एक निवृत्त फौजदार होते. त्यांची सोबत मी कॉव्हेंट्रीच्या वैशाली नावाच्या नर्सला दिली. फौजदारांचं घोरणं असं, की मागच्या तीन रांगा उठून उभ्या राहून बघत होत्या. शेवटी वैशालीने त्यांचं नाक चिमटीत धरलं. ते दचकून उठले आणि म्हणाले, "मी झोपलोच नव्हतो. कोण म्हणतं झोपलो होतो?" वैशाली उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी रडकं बाळ द्या. फौजदार नको."

आणि एका आजींनी शेजारच्या गोऱ्या साहेबाच्या खांद्यावर डोकं ठेवून इराणपासून जर्मनीपर्यंत झोप काढली. साहेब हलला नाही. त्याचा चहा गार झाला. कोटाच्या खांद्याला खोबरेल तेलाचा डाग पडला. जाग आल्यावर आजींनी त्याला चिवड्याची पुडी दिली, त्याने ती दोन्ही हातांनी घेतली. हा माणूस मी कधी पाहिला नाही, पण सोबतीला कोणी नवीन तयार झालं की मी त्याचं उदाहरण द्यायची.

या सगळ्यातून मी एक कागद तयार केला. वर नाव दिलं 'शेजारधर्म'. प्रत्येक तिकिटाबरोबर पाकिटात घालून द्यायची. बाहेर जायचं असेल तर झोपलेल्याच्या खांद्याला नाही, दंडाला हलकेच हात लावावा आणि 'एक्स्क्यूज मी' म्हणावं. ओलांडू नये, पडाल. ओलांडायचंच झालं तर आपलं तोंड त्याच्याकडे ठेवावं, पाठ नव्हे. त्याचं डोकं आपल्या खांद्यावर आलं तर झटकू नये, उशी सरकवावी. घोरणाऱ्याचं नाक दाबू नये, हे वैशालीसाठी. आणि चौथ्या नंबरला ठळक अक्षरात लिहिलं होतं: झोपलेल्याला उठवू नये. घोरणं सहन होत नसेल तर आपण उठून रिकामी जागा शोधावी, माणसाला बोल लावू नये.

या कागदाचा मला अभिमान होता. लंडनच्या मंडळींनी त्याच्या झेरॉक्स काढून वाटल्या होत्या.

आता देवतळे काका.

लंडनच्या पिनर भागातली स्मिता माझी जुनी गिऱ्हाईक. नागपूरची, बँकेत कामाला. तिचे वडील वामनराव देवतळे जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, बायको गेल्यावर नागपुरात एकटे. स्मिताने मला फोनवर सगळं सांगितलं. "काकू, बाबांना इन्सुलिन आहे. जेवणाआधी स्वतःच टोचून घेतात. त्यात हुशार आहेत. पण एकदा टोचलं की जेवण पोटात जायलाच पाहिजे, नाहीतर साखर एकदम खाली जाते. सोबतीला हे नीट सांगाल ना?"

"सांगते."

काकांशीही बोलले. त्यांचा आवाज अजून कानात आहे. "पोरगी उगाच काळजी करून राहिली बाप्पा. मी अर्धा चांदा जिल्हा पायी मोजला आहे. विमानात तर नुसतं बसूनच राहायचं आहे न?"

"बसायचंच आहे काका. शेजारी आपला मराठी माणूस असेल."

"असू द्या. मलाही गप्पांना कोणी पाहिजेच. मी झोपत नाही प्रवासात."

सगळेच असं म्हणतात.

त्याच विमानाने मेडनहेडकर सुट्टी संपवून परत येत होता. सॉफ्टवेअरमध्ये. उंच, गोड बोलणारा, सौद्याला पक्का. त्याने मला पुण्याहून फोन केला.

"काकू, मला ती पुढची भिंतीची जागा पाहिजे. माझे गुडघे तुटतात मागे."

"मिळेल. शेजारी एक काका असतील, त्यांची सोबत करायची."

"घोरतात का?"

"म्हणतात, झोपत नाहीत."

"आजारी वगैरे?"

"या वयात थोडी शुगर कोणाला नसते? जेवणाला उठवायचं, फॉर्म भरायचा, हीथ्रोला मुलीच्या हातात द्यायचं. एवढंच."

"डन, काकू. जागा नक्की ना?"

"मी दिलेली जागा कधी हललीय का?"

"मग काकांची जबाबदारी माझी."

हे शेवटचं वाक्य त्याचं आहे. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे मी बरोबरची खूण केली होती.

शनिवारची संध्याकाळ होती. मी दुकान बंद करत होते. स्मिताचा फोन आला.

"काकू, सगळे बाहेर आले. बाबा नाही आले."

"सोबतवाला?"

"तो केव्हाच आला. छान बोलला. म्हणाला, काका मागून येतायत, मस्त झोप झाली त्यांची, पूर्ण प्रवास घोरत होते. मी त्याला लाडवांचा डबा दिला."

मागून तिच्या मुलीचा मोडक्या मराठीतला आवाज येत होता. "मम्मा, आजोबा का नाही आली?"

मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला बॅगा सापडायला वेळ लागतो, थांब. मीही तेच धरून बसले. दहा मिनिटांनी पुन्हा फोन, तेव्हा स्मिता बोलतच नव्हती. बाजूचा कोणीतरी विमानतळाचा माणूस बोलला. तुमच्या प्रवाशाला विमानातून थेट ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आहे.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी गोळा केलं. विमान कंपनीच्या पत्रातून, हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून, आणि मेडनहेडकरच्या स्वतःच्या तोंडून. ते जोडलं की असं होतं.

विमान दुपारचं होतं. काका आदल्या संध्याकाळपासून प्रवासात, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. जेवणाची गाडी दोन रांगा मागे आली ती बघून त्यांनी इंजेक्शन घेतलं. हुशार होते, स्मिता म्हणाली तसे. नेमकं त्याच वेळी विमान हवेत हेलकावे खायला लागलं, पट्टे बांधायचा हुकूम झाला, आणि गाड्या आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. गाडी परत आली तेव्हा काकांचे डोळे मिटलेले होते. हवाई सुंदरीने विचारलं, "यांना जेवण?"

मेडनहेडकर म्हणाला, "झोपू द्या. उठले की खातील."

हे तो कबूल करतो. लपवत नाही. त्याला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

मग काका घोरायला लागले. थोडं नाही, मोठ्याने. मेडनहेडकरने काही वेळ सहन केलं, मग उठून मागे गेला. मागे त्याला तीन खुर्च्यांची एक रिकामी रांग सापडली. पाय पसरायची जागा त्याने माझ्याकडून सौदा करून घेतली होती, आता त्याला आडवं व्हायची जागा मिळाली. जाण्याआधी त्याने काकांचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. आणि अजून एक केलं.

त्या काळात लांबच्या विमानात एक छोटी पिशवी देत. त्यात मोजे, डोळ्यांवरची पट्टी आणि दोन चिकटपट्ट्या. एकीवर लिहिलेलं, जेवणाला उठवा. दुसरीवर, उठवू नका. मेडनहेडकरने त्यातली दुसरी काढली आणि काकांच्या पांघरुणावर, खांद्याजवळ चिकटवली.

मागे जाऊन तो झोपला. लंडन येईपर्यंत.

आठ तास. त्या आठ तासांत काकांच्या समोरून चहा गेला, पाणी गेलं, दुसरं जेवण गेलं. प्रत्येक वेळी हवाई सुंदरीने चिकटपट्टी वाचली आणि ती आदराने पुढे गेली. उतरायच्या वेळी तिने स्वतः त्यांची खुर्ची सरळ केली आणि पट्टा बांधला. कंपनीच्या पत्रात हे वाक्य होतं: प्रवाशाने उठवू नये अशी इच्छा दर्शवली होती आणि आमच्या कर्मचाऱ्यांनी त्या इच्छेचा मान राखला. ते पत्र वाचून झालं. मी ते ह्यांच्याकडे दिलं. ह्यांनी वाचलं, घडी घातली, आणि एवढंच म्हणाले, "सगळे नीटच वागले म्हणायचे."

डॉक्टर बाई तरुण होत्या, तमिळ. मी आणि स्मिता समोर बसलो होतो. मी विचारलं, पण ते घोरत होते, म्हणजे झोपलेले होते ना? त्या म्हणाल्या, ते घोरणं झोपेचं नव्हतं. शुद्ध गेली की जीभ मागे पडते, श्वास ओढावा लागतो, त्याचा आवाज घोरण्यासारखाच येतो. पहिल्या तासाभरात कोणी उठवायचा प्रयत्न केला असता तर ते उठत नाहीत हे कळलं असतं. सुईने शिरेतून साखर दिली असती, सगळं ठीक झालं असतं.

स्मिताने विचारलं, "नुसतं हलवलं असतं तरी?"

"नुसतं हलवलं असतं तरी."

विमानभर माणसं. त्यातला एक जण उद्धट असता, एखाद्याने वैतागून काकांचं नाक दाबलं असतं, तर ते वाचले असते. मी माझ्या कागदावर लिहिलं होतं, नाक दाबू नये.

मी मेडनहेडला गेले. ह्यांना गाडी चालवायला लावली. दार त्याच्या बायकोने उघडलं, आणि मला बघून तो मागून आला.

"काकू, मला खूप वाईट वाटतंय. खरंच."

"तू शब्द दिला होतास. जेवणाला उठवीन म्हणून."

"ते एवढे गाढ झोपले होते. वडीलधारा माणूस. मी कसा उठवणार?"

"तोंडाने! हाताने!"

"काकू, प्लीज, हळू. नेबर्स आहेत." मग आत गेला आणि एक कागद घेऊन आला. माझा कागद. शेजारधर्म. "तुम्हीच दिलाय. नंबर चार वाचा. झोपलेल्याला उठवू नये. घोरणं सहन होत नसेल तर रिकामी जागा शोधावी. मी अगदी हेच केलं. शब्दन् शब्द."

"हे परक्यांसाठी आहे! तू सोबत होतास!"

"असं कुठे लिहिलंय?"

लिहिलं नव्हतं. त्याने तो कागद माझ्यापुढे धरला होता आणि मी माझंच अक्षर बघत होते. मग तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याचा आवाज पहिल्यांदा चढला, "इन्सुलिनबद्दल मला कोणी काही बोललं नव्हतं. थोडी शुगर म्हणालात तुम्ही. माझ्या आईलाही थोडी शुगर आहे. ती डुलकी काढते म्हणून मी ॲम्ब्युलन्स बोलावू का?"

मी ह्यांना म्हटलं, चला. गाडीत बसल्यावर मी ओरडले, पण ते काचा बंद करून, ह्यांच्यावर.

काका वाचले, असं लोक म्हणतात. तीन आठवड्यांनी हॉस्पिटलमधून पिनरला आले. त्यानंतर नागपूरला गेलेच नाहीत. ज्या माणसाने साखळी टाकून जंगलं मोजली, त्याला खुर्चीपासून बाथरूमपर्यंतची वाट सापडत नाही. स्मिता दंडाला धरून नेते. नातीला ते 'ओ बाई' म्हणतात. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव येत नाही. दुपारी त्यांचा डोळा लागला की स्मिता दर दहा मिनिटांनी त्यांना हलवून उठवते. ते चिडतात. "झोपू दे न बाप्पा," म्हणतात. ती तरी उठवते. बँकेची नोकरी तिने सोडली.

मी 'शेजारधर्म' पाकिटात घालणं बंद केलं. उरलेल्या प्रती फाडल्या. दोनेक वर्षांनी दुकानही बंद केलं. लोक म्हणाले, इंटरनेटमुळे. मी मान डोलावली.

आता एक गोष्ट, जी मी आजवर स्मितालाही सांगितलेली नाही. ती हा अंक वाचेल, म्हणून इथे सांगते. मेडनहेडकरला इन्सुलिनचं मी मुद्दाम सांगितलं नाही. विसरले नव्हते. सुया घेणाऱ्या माणसाची सोबत म्हटलं की लोक मागे सरतात, त्याआधी दोघांनी असाच नकार दिला होता. विमान तोंडावर आलं होतं, दुसरं कोणी नव्हतं, आणि जागेचा सौदा पक्का होत आला होता. माल विकताना खोट आधी कोण सांगतं? मनात म्हटलं, जेवणाला उठव म्हणून सांगितलंय, तेवढं पुरे. ही फसवणूक माझी. स्मिता, तुला 'सांगते' म्हणाले आणि सांगितलं नाही. तू आता मला दारात उभं केलं नाहीस तरी माझं काही म्हणणं नाही.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. त्याला काय बोलणार, निम्मा दोष माझा, असं मानून इतकी वर्षं बसलेच होते. पण गेल्या उन्हाळ्यात कॉव्हेंट्रीच्या एका बारशाला एक बाई भेटल्या. ओळखी निघाल्या, तिकिटांचा विषय निघाला, आणि त्या म्हणाल्या, "अहो, त्या विमानात मी होते. त्या काकांच्या पलीकडच्या रांगेत."

मी विचारलं, "तुम्ही काही बघितलंत?"

"बघितलं ना. चेहरा घामाने नुसता निथळत होता. मला वाटलं, उकडतंय त्यांना, आणि हा माणूस वर पांघरूण का घालतोय? पण त्यांची सोबत होती, आपण कशाला मध्ये बोलायचं?" मग म्हणाल्या, "त्याच्याही हाताला घाम लागला. मानेजवळ पांघरूण खोचलं ना, तेव्हा. त्याने हात बघितला आणि पँटला पुसला. मग ती पट्टी चिकटवली."

दुपारचं गार विमान. पांघरुणं वाटलेली. आणि झोपलेल्या माणसाच्या मानेला हात पुसावा लागेल इतका घाम.

मेडनहेडकर, माझं मी वर लिहून दिलं आहे, स्वतःच्या नावाने. आता कागद पुढे करू नकोस. नंबर चार दाखवू नकोस. थोडी शुगर म्हणाले होते, हेही मी कबूल केलं आहे, तेव्हा तीही पळवाट नाही. इन्सुलिन हा शब्द माहीत नसलेल्या माणसालाही ओला हात कळतो. तू तो बघितलास. पिनरला जा, स्मितासमोर बस, आणि तिला सांग: हात पुसताना तुझ्या मनात काय आलं होतं, आणि ते आल्यावरही दोन पट्ट्यांतली तीच तू का काढलीस?